ओल्या बुरुजाच्या पोटात

“हलू नका, हाय तिथंच बसा,” असं बुरुजाच्या माथ्यावरून एक आवाज ओरडत होता. “बाहेर पळा, बुरुज चाललाय,” असं खाली खंदकातून निम्मं गाव ओरडत होतं. आणि या दोन सल्ल्यांच्या मधे, बुरुजाच्या पोटात, अंधारात, मी आणि माझे दाजी. ज्यांच्यात वाद चालला होता ती सगळी माणसं उन्हात उभी होती. ज्यांच्याविषयी चालला होता त्यांच्या तोंडात माती होती.

आता मला ओळखणारे लोक म्हणतील, याला कसली भीती. काष्टीच्या उसात बिबट्याला टॉर्च दाखवून “जरा बाजूला हो बाबा, मंडपाचा टेम्पो न्यायचाय” असं सांगितलेला मी माणूस. बिबट्या झाला होता बाजूला. हे मी शंभर ठिकाणी सांगितलंय, आणि सांगितल्यापासून तो बिबट्या दर वर्षी हातभर वाढतोय. पण त्या सकाळी माझं काळीज असं वाजत होतं की ताई नंतर म्हणाली, मला वाटलं खंदकात कुणी ताशा आणलाय.

आमचा किल्ला भुईकोट. जामखेडच्या अलीकडं, सपाट रानात, एखाद्यानं दगडी परात पालथी घालून ठेवावी तसा बसलेला. भोवती कोरडा खंदक, कोपऱ्यांना बुरुज, आत बाभळी आणि शेळ्या. गावातला एक निवृत्त सैनिक, त्याला सगळे फौजीच म्हणतात, दर रविवारी माणसं गोळा करून किल्ला साफ करतो. कोयते, खोरी, टोपल्या घेऊन बाया-माणसं येतात. माझा मंडपाचा धंदा, त्यामुळं दोर, बांबू, ताडपत्र्या माझ्या. आणि दुपारी सगळे सावलीला बसले की गोष्टी माझ्या. फौजी म्हणायचा, “ह्याचं तोंड चालू असलं की माणसं टिकत्यात. न्हाईतर दुसऱ्या रविवारी कोण येतंय.”

किल्ला बांधला कुणी, हे कुठं लिहिलेलं नाही. दरवाजावर दगडात कोरलेली ओळ आहे, पण त्यात पैका घालणाऱ्याचं नाव आहे, दगड घालणाऱ्याचं नाही. गावात त्याला नुसतं उस्ताद म्हणतात. बिननावाचा माणूस म्हणजे माझ्यासारख्याला मोकळं रान. मी त्याला उंची दिली, दाढी दिली, एका डोळ्यानं तिरळा केला. एका डोळ्यानं तो ओळंबा बघायचा आणि दुसऱ्यानं कामचुकार माणसं. आणि त्याची मोठी गोष्ट अशी सांगायचो की बुरुज पुरा झाल्यावर सरदारानं हुकूम सोडला, उस्तादानं आपल्या बुरुजाच्या पोटात जाऊन बसायचं आणि बाहेरून त्यावर तोफ डागायची. काम चोख असेल तर उस्ताद वाचेल. उस्ताद आत गेला, फडक्यातली भाकरी सोडून खायला बसला, आणि बाहेर तोफेला बत्ती दिली.

पुढं काय झालं ते ऐकणारावर असायचं. वऱ्हाडी मंडळी असली तर उस्तादाला सोन्याचं कडं मिळायचं. शाळेच्या पोरी असल्या तर त्याला तिथंच चिणलं जायचं आणि भिंतीवर त्याच्या बोटांचे ओरखडे अजून आहेत म्हणायचो. पोरी अशा किंचाळायच्या की वटवाघळं दिवसाढवळ्या बाहेर पडायची.

तर त्या उस्तादाच्या उत्तरेकडच्या बुरुजात एक पिंपळ उगवला होता. उगवला म्हणजे बाहेरच्या अंगानं, बऱ्याच उंचीवर, दगडाच्या सांध्यातून आडवा निघून वर वळलेला. बुंधा माझ्या पोटाएवढा, आणि माझं पोट ज्यांनी पाहिलंय त्यांना अंदाज येईल. जुन्या इमारतींचा जाणकार एक माणूस फौजीनं पुण्याहून बोलावून आणला होता. त्यानं बघून सांगितलं, झाड बुरुज फोडतंय, काढावं लागेल. पण उपटू नका. बुंधा कापा, कापलेल्या जागी औषध लावा, मुळ्या आतल्या आत मरू द्या. एवढं सांगून तो गेला, आणि आमचं घोडं तिथं अडलं.

कापायचं कुणी? आमच्या घरात, म्हणजे आजोबांनी धम्म घेतल्यापासून, पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष. त्याला कुऱ्हाड लावायची म्हणजे बापाला लावल्यासारखं. फौजीच्या आळीत पिंपळावर मुंजा राहतो. त्याचं घर तोडलं तर तो तोडणाराच्या घरात येऊन राहतो, असं पक्कं. आमची श्रद्धा आणि त्यांची भीती, दोन्ही एकाच फांदीवर येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या गावाचं एकमत झालं, आणि ते चुकीचं झालं. ठरलं असं, की झाड कापायचं नाही. मुळ्यांसकट, जिवंत, सन्मानानं बाहेर काढायचं आणि विहाराच्या अंगणात लावायचं. मुंजालाही नवी जागा, वर पाण्याची सोय.

मुळ्या न तुटता निघायच्या तर आतला चुना-माती भिजायला हवी. म्हणून टँकर मागवला. आमच्या भागात माणसांसाठी टँकर मिळवायचा तर नाकी नऊ येतात, त्या पिंपळाला मात्र मिळाला. बाया माथ्यावरून हंडे ओतत होत्या आणि बुरुज पाणी पीत होता. घटाघटा. आम्ही कौतुकानं बघत होतो की कसला तहानलेला होता बिचारा. भिंतीच्या दोन बाजूंना घडीव दगड आणि मधे नुसती माती, मुरूम, खडे भरलेले असतात, आणि ती भर भिजली की फुगते, हे त्या वेळी आमच्यात कुणाच्याच मनात आलं नाही. घरं बांधलेली माणसं होती आमच्यात. पण सगळ्यांचं लक्ष झाडावर. भिंतीचं कुणाला काय पडलं होतं? ती तर उस्तादानं बांधलेली.

बुरुजाच्या माथ्यावरून भिंतीच्या जाडीतून पायऱ्या उतरतात. खाली वाकून जायचं एक दार, आणि दाराच्या आत गोल कोठी. तोफेची दारू ठेवायची जागा. वर घुमट, आणि वारा यायला एका बाजूला मूठ जाईल एवढं भोक. पिंपळाच्या मुळ्या दारावरच्या सांध्यांतून आत उतरून दाढीसारख्या लोंबत होत्या. त्यांची टोकं ओल्या गोणपाटात गुंडाळायची, म्हणजे ओढताना सुकणार नाहीत, हे काम दाजींनी मागून घेतलं. माझे दाजी, थोरल्या बहिणीचे मालक, जन्मभर एसटीत कंडक्टर. आयुष्याचं सगळं बोलणं तिकिटं फाडतानाच संपवून आलेला माणूस. झाड विहारात न्यायची कल्पना त्यांची. त्यांना एकट्याला आत पाठवायला ताई तयार नव्हती.

“तू जा बरोबर,” ती मला म्हणाली. “त्यांना नीट दिसत न्हाई अंधारात. आणि परत आणून दे मला. तुझ्या भरवशावर पाठवतीय.”

“ताई, उस्तादाचा बुरुज हाय. वर हत्ती नाचला तरी आत पणती हलत न्हाई,” मी म्हणालो. हे मी तिला म्हणालो ते मला पुढं फार वेळ ऐकू येत राहिलं.

ठरलं होतं ते एवढंच, की खंदकात ट्रॅक्टर उभा, त्याला माझा मंडपाचा दोर, दोराचं दुसरं टोक बुंध्याला. आम्ही काम आटोपून बाहेर यायचं, मग फौजी शिट्टी मारेल, मग ट्रॅक्टर हळूच ओढेल. पण माथ्यावर कुणाच्या तरी मोबाईलवर शिट्टीचं गाणं वाजलं की काय, की कुणी पोरीबाळींना बाजूला व्हायला शिट्टी मारली, देव जाणे. यावर गावात चार मतं आहेत आणि चारही मतं छाती ठोकून सांगणारी माणसं आहेत. ट्रॅक्टर निघाला.

दाजी दारात बसले होते, मी आत. मी बघतोय तोवर दाजींच्या हातातली मुळी हलली. मग ती वर गेली. साप बिळात शिरताना शेपूट कसं आत जातं, तशी सगळी दाढी एकदम दगडात शिरली, गोणपाटासकट. दाजी रिकाम्या हाताकडं बघत म्हणाले, “अरेच्चा.”

आणि दार बसलं. दारावरचा आडवा दगड एका बाजूनं खाली आला आणि पायऱ्यांच्या वाटेनं ओला गाळ, खडे, मुरूम, सगळं दाजींच्या पायावर ओतलं गेलं. मोठा आवाज झाला नाही. ताटात भाताचं ढेकूळ पडावं तेवढाच. उजेड गेला. आणि मग सुरू झालं ते ओरडणं, हलू नका आणि पळा.

“दाजी,” मी म्हणालो.

“हाय.”

“लागलं का?”

“पाय न्हाई सापडत.” पाय दुखतोय असं नाही म्हणाले. एखाद्याला चष्मा सापडत नसावा तसं म्हणाले. माझ्या अंगावर जो काटा आला तो बनियनमधून बाहेर आला.

मी चाचपत गेलो. त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत गाळात, आणि गाळावर दगड. मी दोन्ही हातांनी उकरायला लागलो. जेवढं उकरावं त्याच्या दुप्पट वरून यायचं, ओलं, गार, जिवंत असल्यासारखं. आणि भिंतीच्या आतून एक आवाज येत होता. जात्यात एकच दाणा राहिला की जसं दगडावर दगड घासतं, तसा. करर्. थांबायचा. पुन्हा करर्. थांबायचा तेव्हा जास्त भीती वाटायची.

भोकापाशी फौजीचा आवाज आला. तो बाहेरून शिडी लावून चढला असावा. भोकातून त्याचा एक डोळा आणि थोडी मिशी दिसली.

“दोघंबी हायती का?”

“हायत. फौजी, बाहेर काय हाय?”

“काय न्हाई.”

“फौजी, खरं सांग.”

त्यानं मागं वळून बघितलं. “भिंतीला पोट आलंय. झाड निम्मं बाहेर आलंय, निम्मं आत अडकलंय. ट्रॅक्टरवाल्यानं ताण धरून ठिवलाय. सोडला तर झाड भिंतीवर बसतंय, ओढला तर भिंत घेऊन येतंय.”

“मग काय ठरवलंत?”

“मीटिंग चालू हाय,” फौजी म्हणाला.

मी आयुष्यात पुष्कळ मीटिंगा ऐकल्यात. लग्नात मांडव कुठल्या तोंडानं घालायचा यावर दोन व्याह्यांची मीटिंग मुहूर्त टळेपर्यंत चाललेली बघितलीय. तेव्हा हसलो होतो. आता भोकाला तोंड लावून म्हणालो, “फौजी, लवकर करा.” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बारका, पिरपिरा.

“दार उकरायला पायऱ्यांनी माणसं उतरवतोय,” तो म्हणाला. “तुमी दारापाशीच थांबा, आतनं उकरत ऱ्हावा. दारातनंच काढतो तुमाला.” आणि डोळा गेला. त्याच्या मागं मला ताईचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. ती कुणाला तरी विचारत होती, “किती आत हायत ते? किती आत?” पुन्हा पुन्हा, एकच.

दाजी म्हणाले, “मेव्हणं, तुमी त्या भोकातनं निघता का बघा.”

ते थट्टा करत होते. मूठ जाईल एवढं भोक, आणि मी. पण मी खरंच एकदा भोकाकडं बघितलं. भीती माणसाला काय काय मोजायला लावते.

उकरताना तोल जाऊन मी भिंतीला हात टेकला आणि जागच्या जागी गोठलो. भिंतीवर बोटं होती. चार बोटांचे ओरखडे, वरून खाली ओढलेले, खोल. अगदी माझी बोटं बसतील असे. शाळेच्या पोरींना सांगितलेला उस्ताद, चिणलेला, नखांनी भिंत खरवडणारा, तो माझ्या तळहाताखाली होता. मीच जन्माला घातलेला माणूस, आणि तो माझी वाट बघत बसलेला. माझ्या घशातून जो आवाज निघाला तो मी लिहीत नाही.

“काय झालं?” दाजी म्हणाले.

“ओरखडे हायत. दाजी, भिंतीला ओरखडे हायत.”

त्यांनी अंधारात हात लांब करून चाचपलं. “चुना लावताना बोटं ओढलीत कुणीतरी. वरचा थर धरावा म्हणून. आमच्या घराच्या गिलाव्यालाबी हायत.”

करर्. या वेळी थांबलंच नाही लवकर. वरून बारीक खडे दाराच्या बाजूनं गळायला लागले, टप टप, पत्र्यावर पाऊस सुरू व्हावा तसे. ते दाजींच्या डोक्यावर पडत होते. दाजींनी टोपी सारखी केली.

“मेव्हणं,” ते म्हणाले, “तो उस्ताद आत बसला हुता, तोफ उडवली तेव्हा. मग त्याचं काय झालं? तुमी दर येळी येगळं सांगता.”

माझ्यासारख्याला कुणी गोष्ट सांग म्हणालं की झोपेतसुद्धा तोंड उघडतं. पण तिथं एकच शब्द आला. शेवटी म्हणालो, “वाचला.”

“कसा?”

कसा. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. वाचला म्हटलं की लोक टाळ्या द्यायचे, चिणला म्हटलं की किंचाळायचे, पण कसा, हे कुणीच नाही विचारलं. आणि इथं एक माणूस, पाय दगडाखाली, मला विचारत होता, आणि त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी उत्तर शोधायला लागलो. समोर अंधार, बाजूला अंधार, म्हणून वर बघितलं. भोकातल्या उजेडाच्या तिरिपीत घुमट दिसत होता. गोल, दगडांची एकावर एक कडी, वर जात जात लहान होत गेलेला. दारावर मुळ्यांचं जंगल होतं. पायऱ्यांवर मुळ्या, भिंतीच्या सांध्यांत मुळ्या. आणि घुमटात एकही नव्हती. एक केसभर नाही. एवढी वर्षं पिंपळानं बुरुजात जिथं म्हणून फट सापडली तिथं बोट घातलं होतं, आणि इथं त्याला घालता आलं नव्हतं.

“दाजी,” मी म्हणालो, “उस्तादानं कोठी येगळी बांधली आणि बुरुज येगळा. बुरुज वरून चढवलेला, अंगरख्यासारखा. तोफेनं अंगरखा फाटावा आणि आतलं माणूस ऱ्हावं म्हणून. तो मधोमध बसला हुता, घुमटाखाली. दाराशी न्हाई.”

“आसं ऐकलंय का कुठं?”

“न्हाई. आत्ता सुचलं.”

दाजींनी दोन्ही हात माझ्याकडं केले. मग म्हणाले, “ओढा मला.”

बाहेर फौजी सांगत होता दाराशी थांबा. दारातूनच माणसं येणार होती. आत ओढून घेतलं आणि आत घुमट बसला तर आम्ही कायमचे चिणले जाणार होतो, पोरींना सांगितलं तसे, आणि ताईला मी काय परत देणार होतो? दाजींची टोपी? काखेत हात घालायला मी अंधारात दोनदा चुकलो. मी त्यांना काखेत धरलं आणि मागं ओढलं. पाय आला नाही. पुन्हा ओढलं. करर्, करर्, आता दोन बाजूंनी. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून, पाय भिंतीला लावून, बैल अडल्यावर गाडी ओढावी तसं ओढलं. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. भिंतीचा नव्हता तो. दाजींनी आवाज काढला नाही, माझ्या खांद्याला चावले. ते वळ अजून आहेत, पाहिजे त्याला शर्ट काढून दाखवतो.

कोठीच्या मधोमध येऊन आम्ही पडलो. मी त्यांच्यावर. बाहेर एकाएकी सगळं ओरडणं बंद झालं. शंभर माणसांनी एकदम श्वास धरला की कळतं. भिंतीतूनसुद्धा कळतं.

आणि बुरुज गेला.

त्याचा आवाज मी आजवर नीट सांगू शकलेलो नाही. मी, मला शब्द सापडले नाहीत. तो कानांनी ऐकलाच नाही, तो दातांनी ऐकला. जमीन खालून कुणीतरी एकदा उचलली आणि पुन्हा ठेवली. जिथं आम्ही मघाशी बसलो होतो ते दार, पायऱ्या, गाळ, सगळं एका बाजूला निघून गेलं, आणि धुरळा असा भरला की श्वास घेतला तर छातीत चिखल व्हावा. मी घुमट यायची वाट बघत होतो. पाठ ताणून, डोकं दाजींच्या छातीत खुपसून, आता, आता, आता. खाली त्यांचं काळीज वाजत होतं. ते वाजतंय एवढंच मला कळत होतं.

घुमट आला नाही.

धुरळा खाली बसत गेला तसा उजेड आला. भोकातला नाही. दाराच्या जागी आता भगदाड होतं आणि त्यातून सरळ खंदक दिसत होता, आणि खंदकात ट्रॅक्टर, आणि पिंपळ आडवा, सगळ्या मुळ्या आकाशाकडं केलेला. पायऱ्यांत उतरलेल्या माणसांना फौजीनं करर् ऐकूनच बुरुजावरून लांब पिटाळलं होतं, आणि ट्रॅक्टरवालाही आधीच उडी टाकून पळाला होता. त्याचं नशीब. दगड चाकांपर्यंत आले होते. वर आमचा घुमट तसाच, एक कडं हललेलं नाही. माणसं दगडांवरून चढत आली. सगळ्यात पुढं ताई, लुगडं खोचून, हातापायांवर. ती भगदाडात आली, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दाजींच्या तोंडावरची माती पदरानं पुसायला लागली. पुसतच राहिली. फौजी म्हणाला, “वहिनी, डाक्टरकडं न्यायचंय, सोडा आता,” तेव्हा तिचा हात थांबला.

दाजींच्या पायात सळई घातली. किल्ल्याची देखरेख करणारे साहेब येऊन आम्हाला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पिंपळ विहाराच्या अंगणात लावला. महिनाभर नुसता खुंट उभा होता, आणि पावसाळ्यात त्याला तांबडी पालवी आली. फौजीच्या आळीतल्या बाया अंधार पडला की त्याच्या अंगणावरून अजून जात नाहीत, लांबून वळसा घालतात. रविवारचं काम वर्षभर बंद होतं. आता पुन्हा सुरू झालंय, पण त्या जाणकारानं नेमून दिलेल्या माणसासमोर, आणि भिंतीला पाणी लागेल असं काही करायचं नाही.

उस्तादाची गोष्ट मला नव्यानं बांधावी लागली. आता ती दणदणीत झालीय. तिच्यात उस्ताद कमी आणि मी जास्त आहे. मी घुमटाकडं एक नजर टाकून सगळं ओळखतो, दाजींना एका हातानं उचलतो, वर दगड पडत असताना आम्ही दोघं आत भाकरी खातो, आणि बुरुज कोसळल्यावर मी धुरळ्यातून बाहेर येऊन फौजीला विचारतो, झाली का मीटिंग. लोक हसून लोळतात. मी ती तिसगावच्या एका लग्नात सांगितली तर नवरदेव हसता हसता पाटावरून पडला.

मागल्या थंडीत नगरहून बायकांचा एक गट किल्ला बघायला आला होता. सगळ्या शिक्षिका. भगदाडासमोर त्यांना उभं करून मी गोष्ट सुरू केली. दाजी बाजूला दगडावर बसले होते, काठी मांडीवर आडवी घेऊन. ते हल्ली किल्ल्यावर येतात, पण बुरुजाकडं पाठ करून बसतात. मी रंगात आलो होतो. गोष्टीतली भाकरी खाऊन झाली होती, गोष्टीतले दाजी आत “पुढं सरका, पुढं जागा हाय” म्हणत तिकिटं फाडत होते, आणि बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांतली एक, चष्मेवाली, हसता हसता दाजींकडं वळली.

“काका, तुम्ही एवढे शांत कसे? तुम्हाला भीती नाही वाटली?”

मी दाजींच्या वतीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं.

“वाटली,” दाजी म्हणाले. “अजून वाटती.”